जत्रेच्या कोंबड्याचं पीस आणि कोयनेचा खडस

कडेगावच्या स्टँडवरून आमची एसटी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर तीन तुकड्यांची वेताची काठी होती आणि मागे घरी मान उघडी पडलेला एक कोंबडा. दोन्ही माझेच उद्योग. मी तेव्हा बावीस वर्षांची, म्हणजे जगातलं सगळं कळून चुकलेली.

काठी गळ टाकायची, आमच्या ह्यांची. एकाहत्तरच्या लढाईनंतर दोन-तीन वर्षांनी हे फौजेतून हवालदार होऊन पेन्शनीत आले, तेव्हा साहेबानं ती निरोपाला दिली होती. काश्मीरला त्याच साहेबानं ह्यांना शिकवलं होतं : गळाला पिसं आणि लोकर गुंडाळून खोटी माशी बांधायची, ती पाण्यावर तरंगत सोडायची, की थंड पाण्यातला ट्राउट मासा वर येऊन गिळतो. इकडे आल्यावर ह्यांनी तीन संध्याकाळी कोयनेत घालवल्या. काश्मीरच्या सगळ्या माश्या खडकांत अडकून संपल्या, मासा एकही नाही. मग निकाल लागला.

"हितल्या माशांना अक्कल न्हाई. काठीची आकडी करतो, शेवग्याच्या शेंगा काढायला."

"आवं, त्याआधी एक संध्याकाळ मला द्या. माशी मी बांधते. मासा लागला तर काठी माझी."

"तुला गांडूळ हातात धरवत न्हाई!"

"ह्याला गांडूळ लागतंय कुठं?"

ठरलं. एक संध्याकाळ, नाहीतर आकडी.

माशी बांधायला विहिरीच्या मोटारीची पक्कड घेतली. तिच्यात गळ धरला आणि पक्कड विळीसारखी पायाखाली दाबली. ब्लाउजचा रेशमी दोरा होता. पिसं मात्र मानेचीच हवीत, ताठ आणि लांब. तशी मान घरात एकाचीच होती : सासूबाईंनी जत्रेला राखलेला तांबडा कोंबडा. दोन दिवसांत तो पुढून निम्मा बोडका दिसू लागला.

"ह्याला काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"रोग आलाय वाटतं, आत्याबाई," मी म्हटलं. चेहरा असा केला, की मलाच कोंबड्याची काळजी वाटली.

माशीच्या पोटाला लोकर मागून आणली. ती कळकट, तेलकट, मेंढराच्या वासाची. मी पडले स्वच्छतेची पुतळी! सोडा घालून तीन पाण्यांतून काढली, पांढरीशुभ्र करून वाळवली आणि मग दोन माश्या बांधल्या. ह्यांच्यापुढे ताट धरावं तशा मिरवल्या. ही गोष्ट लक्षात ठेवा.

कराडपर्यंत एसटी उसाच्या गाड्यांमागे रांगत गेली. कंडक्टर म्हणाला, "बाई, ते धनुष्य टपावर टाका."

"न्हाई टाकणार. मांडीवर बसलंय, हाप तिकीट घ्या त्याचं."

ह्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. बायको कुणा दुसऱ्याची असावी, असा त्यांचा पाठमोरा भाव होता. कराडला गाडी बदलली, पाटणला गरम भजी खाल्ली आणि तिसऱ्या प्रहरी नदीकाठी माझ्या नणंदेच्या गावी उतरलो. घरात टेकले नाही. थेट पाण्यावर.

डोंगराची सावली पात्रावर उतरली होती. खडकांमधल्या संथ डोहावर गोल गोल वलयं उठत होती. खडस (नदीतला खवल्यांचा मासा) वर येऊन किडे टिपत होते. मी काठी फिरवली. पहिल्या झटक्याला माशी माझ्याच अंबाड्यात अडकली. दुसऱ्याला नीट पाण्यावर बसली, दोन श्वास तरंगली आणि दगडासारखी खाली गेली. पुन्हा टाकली. पुन्हा बुडाली.

"शेंगा मातुर झकास निघतील," हे काठावरून म्हणाले.

काठावर एक धनगर म्हातारी मेंढरांना पाणी पाजायला आली होती. माझे हाल बघून तिनं ती माशी हातात घेतली, दाबली, नाकाला लावली.

"लोकर धुतलीस व्हय गं?"

"सोड्यानं. तीन पाण्यातनं."

म्हातारी पोट धरून हसली. "आगं शाने! घोंगड्यावरनं पानी का निथळतंय? अंगचं त्याल असतंय लोकरीत. तू तेच धुतलंस. आता ती पानी पितीया आन बुडतीया."

तिनं एका मेंढीच्या पोटाचा पुंजका उपटून माझ्या हातावर ठेवला. तेलकट, कळकट, पांढरट.

कडुसं पडलं होतं (दिवस मावळून अंधार पडायच्या आधीची वेळ). "उजेड गेला, चल," हे म्हणाले.

"माझी संध्याकाळ अजून सरली न्हाई."

खडकावर बसून जुनी लोकर उकलली, नवी गुंडाळली, दुसऱ्या माशीची पिसं सोडवून हिच्यावर चढवली. दोरा दिसत नव्हता, बोटांनीच बांधला. वर लोकरीचा एक तुरा ठेवला, अंधारात दिसायला. म्हातारीची मेंढरं निघाली, पण म्हातारी थांबली.

माशी काळ्या पाण्यावर बसली. तुऱ्याचा तेवढा एक ठिपका तरंगत, डुलत खडकाच्या कडेनं निघाला. बुडेना. ठिपका अचानक गेला. काठी उचलली आणि ती कमानीसारखी वाकली.

"सुटंल! दे हिकडं!" हे पाण्यात धावले.

"हात लावू नका!"

मी गुडघाभर पाण्यात, लुगडं भिजलेलं, आणि तोंडानं काय काय बोलत होते ते लिहिण्यासारखं नाही. शेवटी हातभर खडस वाळूत आला. गळ जबड्यात इतका रुतला होता, की दोराच तोडला.

म्हातारी म्हणाली, "आता हिला धुऊ नगंस बाई." माशीला म्हणाली की मला, कोण जाणे.

नणंदेनं मासा पोट साफ करून हळद-मीठ लावून दिला. दुसऱ्या दिवशी परतीची एसटी धरली. कडेगावला उतरताना ह्यांनी काठी घ्यायला हात पुढे केला. मी त्यांच्या हातात मासा दिला.

घरी सासूबाई मुंडकं कापायला बसल्या आणि थबकल्या. जबड्यातून तांबडं पीस ओढून उजेडात धरलं. अंगणात कोंबडा आरवला, मेल्याला तेव्हाच सुचलं.

"हा रोग व्हय गं?"

दोन दिवसांपूर्वीची मी असते तर पाया पडले असते. "व्हय, आत्याबाई. मीच उपटली. आणखी लागली तर आणखी उपटीन."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पीस चुलीत टाकलं आणि म्हणाल्या, "जत्रेपत्तुर शेपटीला हात लावशील तर बघ." मानेबद्दल बोलल्या नाहीत.

त्यानंतर कितीतरी जणांनी मला धुऊन-पुसून गुणी करायचा प्रयत्न केला. मी त्यांना पुरून उरले. शेवग्याच्या शेंगांना ह्यांनी त्याच आठवड्यात बांबूची आकडी केली.