नमद्यावर ओतलेलं गार पाणी

नारीनकडच्या त्या खोऱ्यात कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं की नमदा, म्हणजे लोकरीचा जाड गालिचा, लाटायला झूराकानला बोलावणं जायचं. लोकरीचे थर रचणं, त्यांवर उकळतं पाणी शिंपडणं, गवताच्या काड्यांच्या चटईत गुंडाळून ते भेंडोळं तुडवणं, ही कामं कुणीही करावीत. खरं काम त्यानंतरचं. चटई काढायची, बायकांनी एका रांगेत गुडघे टेकायचे आणि ते वाफाळतं भेंडोळं मनगट ते कोपर दाबत पुढे-मागे लाटायचं. रांगेच्या मध्ये झूराकान बसायची. हाका तिच्या, ताल तिचा. नमदा गार व्हायच्या आत लोकर एकजीव झाली पाहिजे, म्हणून मधली बाई तोवर उठत नाही, असा तिथला रिवाज.

ऑगस्टमधल्या त्या सकाळी नमदा तिच्याच मुलीच्या, ऐचुरोकच्या रुखवतासाठी होता. त्यामुळे पहाटेपासून जबडा दुखतोय हे झूराकानने कुणाला सांगितलं नाही. दाढ किडली असेल. पाठीत दोन खांद्यांच्या मधे कुणीतरी पाचर ठोकल्यासारखं होत होतं. लोकर झोडपून झोडपून पाठ कुणाची भरत नाही? मळमळत होतं, ते आदल्या दिवशीच्या मेंढीच्या चरबीमुळे. गेले काही दिवस गोठ्यापर्यंतच्या चढावर ती थांबत होती, त्यालाही तिच्याकडे उत्तर होतं: वय.

रक्तदाबाच्या गोळ्या तिला गावच्या दवाखान्यातल्या दामिराने दिलेल्या होत्या. डोकं जड झालं की झूराकान एक घ्यायची. डोकं हलकं असताना गोळी खाणं तिला उधळपट्टी वाटे. आणि हृदयाचं दुखणं पुरुषांचं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. तिचा धाकटा दीर भर शेतात छाती धरून कोसळला होता. ते असं असतं.

त्या दिराची विधवा कानिशाय आज तिच्या उजव्या हाताला बसली होती.

"जाऊबाई, तुमचा ताल चुकतोय," कानिशाय म्हणाली.

"तुझे कान चुकतायत. लाट."

"आणि एवढा घाम?"

"वाफेवर बसलेय, बर्फावर नाही."

बायका हसल्या. कानिशाय हसली नाही. लाटताना तिचा हात झूराकानच्या हाताला घासला होता आणि तो गार लागला होता. वाफेवर बसलेल्या बाईचा हात गार.

"कुठे दुखतंय?"

"तुला कुठे दुखत नाही? हात दुखतायत, पाठ दुखतेय. नमदा लाटतोय ना आपण, का कविता म्हणतोय?"

"थांबा गं सगळ्या," कानिशाय म्हणाली. "हात उचला. जरा श्वास घ्या."

रांग थांबली. बायकांनी मनगटं झटकली, कुणी कमरेवर हात ठेवले. थोड्या वेळाने कानिशायने एकेकीला विचारलं, दुखणं उतरलं का. उतरलं, उतरलं. सगळ्यांचं उतरलं होतं.

"तुमचं?"

झूराकानने डावा हात मांडीवर टेकवला. हात सुटा पडला होता, तरी खांद्यापासून करंगळीपर्यंत कळ तशीच होती. उलट वाढली होती, कारण आता तिच्यावरून लक्ष हटवायला दुसरं काही नव्हतं.

"कामाचं दुखणं काम थांबलं की थांबतं," कानिशाय म्हणाली. "हे कामाचं नाही. ह्यांच्या वेळी दामिराने मला सांगितलं होतं, बाईची छाती दुखेलच असं नाही. जबडा, पाठ, पोट, घाम. जबडा दुखतोय का?"

"दाढ आहे ती."

भिंतीपाशी सासूबाई तुर्सुनबूबू बसल्या होत्या. त्यांनी काठी आपटली.

"दवाखान्याच्या गप्पा संध्याकाळी मारा. नमदा गार होतोय. अगं, मी बाळंत झाल्यावर सातव्या दिवशी लाटायला बसले होते. झूराकान, वाटीभर गरम चरबी पी, पोट शांत होईल."

"आई, त्यांना तालुक्याला न्यायला हवं. आत्ता."

"मधली बाई उठत नाही."

कानिशायने झूराकानकडे पाहिलं. झूराकानचे ओठ राखेसारखे झाले होते, पण तिने दोन्ही हात पुन्हा भेंडोळ्यावर ठेवले. "एवढा जुळू दे," ती म्हणाली. "मग जाऊ."

कानिशाय उठली. ओढ्याच्या पाण्याची बादली दाराशी होती. ती तिने उचलली आणि नमद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामी केली.

कुणीतरी किंचाळलं. वाफ विरली. बर्फासारखं पाणी लोकरीत झिरपलं आणि बायकांच्या गुडघ्यांखालून वाहू लागलं.

"रांडे, नवरीच्या नमद्यावर गार पाणी?" सासूबाईंचा आवाज चिरकला. "आता पाण्याची कढई पुन्हा तापायला दुपार होईल!"

"मग दुपारपर्यंत त्यांना काम नाही," कानिशाय म्हणाली. "तालुक्याला जाऊन येऊ देत."

ऐचुरोक गाडी असलेल्या शेजाऱ्याकडे धावली. दामिराने फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: ॲस्पिरिन चावून खायला द्या, आणि एक पाऊलही चालू देऊ नका. झूराकान चालत जायला निघाली, तेव्हा बायकांनी तिला सतरंजीत घालून उचललं.

"मेले नाहीये मी अजून," ती म्हणाली.

"म्हणूनच," कानिशाय म्हणाली.

वाटेत रस्त्यावर मेंढ्यांचा कळप आला. चालकाने भोंगा वाजवला, मेंढपाळाने शिवी दिली, मेंढ्या आपल्या चालीने चालत राहिल्या. मागच्या सीटवर झूराकान ओकली आणि मग बोलेनाशी झाली. कानिशाय तिच्या गालावर चापट्या मारत राहिली. डोळे उघडे ठेवा, लग्नाला किती मेंढ्या कापायच्या ते सांगा, कुणाला बोलवायचं नाही ते सांगा. त्या शेवटच्या प्रश्नाला झूराकानने डोळे उघडले आणि एक नाव सांगितलं.

इस्पितळातल्या डॉक्टरने विचारलं, छातीत दुखतंय का. "नाही," ती म्हणाली, "दाढ." हृदयाचा आलेख निघाला आणि डॉक्टर धावले. गुठळी विरघळवणारं औषध लागू पडलं. तासभर आणखी लाटत बसली असती तर ते लागू पडलं नसतं, असं त्यांनी कानिशायला बाहेर बोलावून सांगितलं. हृदयाचा एक भाग कायमचा अधू झाला होता. गोळी रोज घ्यायची, डोकं हलकं असो की जड. चरबी आणि मीठ कमी. नमदा लाटणं बंद.

नमदा दोन दिवसांनी पुन्हा तापवून लाटला गेला. मध्ये कानिशाय बसली. सासूबाई तिच्याशी बोलत नव्हत्या, पण बसू नकोस असंही म्हणाल्या नाहीत.

झूराकान घरी आली त्या आठवड्यात तिने दामिराला रक्तदाबाचं यंत्र घेऊन बोलावलं आणि घरातल्या साऱ्या बायकांना ओळीने बसवलं. कानिशायचा ठीक निघाला. ऐचुरोकचा वयाच्या मानाने जास्त होता. तिला कागदावर पुन्हा तपासायची तारीख लिहून मिळाली. मग सासूबाईंची पाळी आली.

"मला काय धाड भरलीय?" तुर्सुनबूबू म्हणाल्या. "कुठे काही दुखत नाही, खुपत नाही."

"माझंही डोकं दुखत नव्हतं, आई," झूराकान म्हणाली. "बाही वर करा."

म्हातारीने बाहीच्या बटणाशी थोडी खटपट केली. मग कानिशायकडे वळली, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"बघत काय बसलीस? बटण काढ. माझ्याच्याने निघत नाही."