महिपत आणि जपानी भात

मानपाड्याचा महिपत ब्रह्मदेशच्या लढाईवरून परत आला तो सेहेचाळीसच्या वैशाखात. मधली चार वर्षं रखमाबाईनं एकटीनं शेत कसलं होतं, आणि वाईट कसलं नव्हतं. महिपतनं आल्याआल्या बांधावर उभं राहून हुकूम सोडायला सुरुवात केली. बायकोनं आठ दिवस ते कौतुकानं ऐकले आणि नवव्या दिवशी त्याच्या हातात नांगर दिला.

पलटणीच्या सवयी काही सुटल्या नाहीत. पहाटे उठून आधी दाढी, मग बैलांना वैरण. बिनदाढीचा मालक बैलांना चालत नसावा, असं रखमाबाई शेजारणींना सांगे. लढाईचं कुणी विचारलं, तर तो तिकडचा पाऊस आणि जळवा यांच्यावर वेळ मारून नेई. जपान्यांचं नाव निघालं की मात्र गप्प बसे. त्याच्याबरोबर भरती झालेला त्याचा आतेभाऊ विश्राम तिकडेच राहिला होता.

त्रेपन्न साली शेतकी खात्याचा त्र्यंबक नावाचा तरुण अधिकारी कल्याणहून सायकल मारत आला. त्यानं देवळापुढे गाव जमवून भाताची नवी रीत समजावली. पालापाचोळा जाळून राब भाजायचा नाही, उंच गादीवाफ्यावर रोपं करायची, दोरी धरून ओळीत लावायची आणि तण वेळच्या वेळी काढायचं. पुढे बसलेला महिपत माना डोलावत होता. ओळीत उभं राहणं त्याला पटणारच होतं. मग त्यानं या रीतीचं नाव विचारलं.

"जपानी पद्धत," त्र्यंबक हौसेनं म्हणाला.

महिपत उठून उभा राहिला. "साहेब, तीन वर्सं त्यांना आडवीत व्हतो. ते काय माझ्या खाचरात आणून बसवायला?" एवढं बोलून तो घरी चालता झाला.

रखमाबाई मागे बायकांत बसली होती. तिनं त्र्यंबकला गाठून दोरी किती हात लागेल ते विचारून घेतलं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, की खालचं खाचर तुमचं, वरचं माझं. चार वर्षं तिनं एकटीनं काढलेली, त्यामुळे महिपतला वाद घालता येईना.

त्या पावसाळ्यात महिपत बांधावर उभा राही तो वरच्या खाचराकडे पाठ करून. लावणीच्या बाया पदरात तोंड घालून हसत. पण श्रावणात रखमाबाईला एक चमत्कार दिसू लागला. संध्याकाळी ती तण अर्धवट टाकून येई, आणि सकाळी जाऊन बघावं तर पुढच्या दोन ओळी स्वच्छ. ती काही बोलली नाही. फुकटचा गडी कोण घालवील?

झोडणी झाली. वरच्या खाचराचा दाणा खालच्याच्या दीडपट भरला. महिपत ढिगातले दाणे मुठीत घेऊन बघू लागला. रखमाबाईनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारलं, "माझं तण कोन काढीत व्हतं?"

तेव्हा सात वर्षांत पहिल्यांदा तो बोलला. लढाई संपताना एका जपानी कैद्यावर त्याचा पहारा होता. माणूस नुसता हाडांचा सापळा. छावणीशेजारी कुणाचं तरी ओसाड पडलेलं भातशेत होतं. कैद्याला त्याच्या कडेला बसवलं, तर तो वाकून तण उपटायला लागला. त्याला थांबवायचा हुकूम होता.

"मंग थांबवलात?"

"नाय," महिपत म्हणाला. "मीबी दोन मुठी उपटलं. विश्राम जाऊन महिना झाला नव्हता, तरीबी."

पुढच्या वर्षापासून दोन्ही खाचरांत दोरी लागली. महिपत त्या रीतीला जपानी म्हणाला नाही. तो तिला 'रखमेची पद्धत' म्हणे, आणि शीळफाट्यापर्यंतचे पाव्हणेरावळे ती बघायला आले की बांधावर छाती काढून उभा राही, जणू ती त्यानंच शोधली.

अठ्ठावन्नच्या कार्तिकात, कापणी आटोपून तो पेंढ्यावर बसला आणि छातीवर हात ठेवून आडवा झाला. डोंबिवलीच्या डॉक्टरकडे न्यायला गाडी जुंपेपर्यंत सगळं संपलं होतं.

चौथ्या दिवशी रखमाबाई वालाची टोपली घेऊन शेताकडे निघाली. तेरावा तरी होऊ दे, म्हणून शेजारणींनी तिची वाट अडवली.

"जमिनीची ओल तेराव्यापोत ऱ्हात नाय," ती म्हणाली.

दुपारपर्यंत तिनं दोन्ही खाचरांत वाल पेरला. मधल्या बांधावर बसून मनसोक्त रडली. मग पाय धुतले आणि बैलांना वैरण घालायला घरी आली.