बिस्किटांच्या डब्यातली माणसं

ओब्दुलियाबाईंची कात्री वर्षभर कपाटात पडून असे आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात तिला उसंत मिळत नसे. ज्वालामुखीच्या पायथ्याच्या त्या गावात बाईंनी एकतीस वर्षं बालवाडी चालवली. दोन नोव्हेंबरच्या सणाला मेलेली माणसं घरी जेवायला येतात, म्हणून चार-पाच वर्षांची पोरं घरून आपल्या मेलेल्या माणसांचे फोटो घेऊन येत आणि बाई ते वर्गातल्या वेदीवर मांडत. फोटोत जिवंत माणूस असला तर मात्र तो वेदीवर चालत नाही, हे गावात कुणाला सांगावं लागत नाही. जिवंताला तिथे ठेवलं, की वर्षाच्या आत तो खरोखरच तिथला होतो. आणि एकट्याने फोटो काढून घ्यायची हौस होती कुणाला? लग्न, बारसं, जत्रा, सगळे आपले घोळक्यात. म्हणून बाई कात्री चालवत. मेलेली आजी वेदीवर, तिच्याशेजारचा जिवंत जावई बिस्किटांच्या डब्यात. आजीच्या खांद्यावर जावयाची चार बोटं तेवढी राहून जात, त्याला बाईंचा इलाज नव्हता.

डब्यातले तुकडे सण झाला की घेऊन जा, असं बाई दरवर्षी बजावत. कुणी नेत नसे. मग पाच-सहा वर्षांनी एखादी सून दारात उभी राहायची, "बाई, आमच्या सासऱ्यांचा तुकडा असेल बघा तुमच्याकडे, आता लागतोय." बाई डबा उपडा करून शोधून देत.

त्या डब्यात एक फोटो पोरांनी आणलेला नव्हता. तो बाईंचा नवरा, फिदेन्सियो. सतरा वर्षांपूर्वी कामासाठी उत्तरेत गेला, सीमेपलीकडे. पहिलं वर्षभर फोन आले, नंतर बंद झाले. मेला असं कुणी कळवलं नाही, आहे असंही नाही. घरच्या वेदीवर बाई दरवर्षी एक मेणबत्ती जास्तीची लावत. ज्या जीवाला कुणी नाही, त्याच्यासाठी अशी एक लावायचीच असते. बाईंची ती नेमकी कुणासाठी, हे गावाने कधी विचारलं नाही.

यंदा मात्र नणंद क्रेसेन्सिया हट्टाला पेटली.

"वहिनी, सतरा वर्षं झाली. माझा भाऊ दरवर्षी दारापर्यंत येतो आणि उपाशी परत जातो. फोटो नाही, ताट नाही. हे बरं दिसतं का?"

"आणि जिवंत असला तर?"

"जिवंत असता तर एक फोन नसता केला? का इतका नालायक होता माझा भाऊ?"

एक तर नवरा मेलेला, नाही तर नालायक. तिसरं काही क्रेसेन्सियाने शिल्लकच ठेवलं नव्हतं. "बरं," बाई म्हणाल्या, "दोन तारखेला ठेवते वेदीवर." त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण शब्द दिला तो दिला.

शाळेत दरवर्षीचा धडा सुरू होता. पाणी ठेवायचं, कारण लांबून चालत आलेल्यांना तहान लागते. दारापासून वेदीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालायची, कारण वासावरून त्यांना घर सापडतं. फार रडायचं नाही, नाही तर वाट निसरडी होते आणि येणारा घसरून पडतो. हे ऐकलं की पोरं हसत. दोन वर्षांपूर्वी एका आईने तक्रार केली होती, की 'मेलेले' हा शब्द ऐकून तिचा मुलगा अंथरूण ओलं करतो. तेव्हापासून बाई 'गेलेले' म्हणत. गेलेल्यांचा सण, गेलेल्यांचं ताट. ज्या गावातले निम्मे बाप्ये उत्तरेत गेलेले आहेत, तिथे हा शब्द वापरणं म्हणजे काय, हे बाईंसारख्या बाईंच्याही लक्षात येऊ नये!

नोएमी नावाची पोर त्या वर्षी नवीनच आली होती. वरच्या वाडीवरून आजीबरोबर गावात राहायला आलेली.

"बाई, हे माझे बाबा. ते गेले."

"अगं बाई! कधी गं?"

"मका कापायच्या आधी."

बाईंनी तिला जवळ घेतलं. "लांबून येतील, दमतील हो. काय आवडतं त्यांना?"

"मोलेच्या रश्श्यातली कोंबडी. आणि मिरची जास्त."

फोटोत बापाच्या कडेवर नोएमी होती. बाईंनी जपून कात्री फिरवली. नोएमी डब्यात गेली, बाप वेदीवर. पोर रडली नाही, उलट झेंडूची टोपली घेऊन कामालाच लागली. बाकीच्यांची वाट फाटकाशी संपली. हिने आपली वाट फाटकाबाहेर काढून पार बसथांब्यापर्यंत नेली. बाईंना कौतुक वाटलं. किती समजूतदार आहे, असं त्या दुसऱ्या बाईंना म्हणाल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरची मंडळी वेदी बघायला आली. नोएमीची आजी तोमासा पुढे झाली, तिने आपल्या मुलाचा फोटो पाहिला आणि किंकाळी फोडली.

"बाई! जिवंतपणी मारलंत माझ्या एफ्रेनला!"

"अहो, गेले म्हणाली ती..."

"गेलाच आहे! उत्तरेत गेलाय, छपरं घालायला!"

तोमासाने फोटो ओढून छातीशी धरला आणि भराभर क्रुसाची खूण केली. कुणी हसलं नाही. दोन बायका तर दारापर्यंत मागे सरल्या. "चुकलं माझं," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "मीच नीट विचारलं नाही."

आणि आता नोएमीने भोकाड पसरलं. "फोटो काढू नका ना! मग बाबा कसे येतील?"

बाई पोरांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो शब्द उच्चारला.

"नोएमी, ऐक. या वाटेने फक्त मेलेली माणसं येतात. तुझे बाबा मेलेत का?"

"नाही."

"मग?"

"मग जिवंत माणसं कुठल्या वाटेने येतात?"

हे बाईंना ठाऊक असतं तर काय हवं होतं. त्यांनी तोमासाकडे बघितलं. तोमासाने शालीचं टोक डोळ्यांना लावलं, आतून फोन काढला आणि नंबर लावून नातीच्या कानाला दिला. पलीकडे कुणाच्या तरी छपरावर ठोकाठोकी चालली होती, ती सगळ्या वर्गाला ऐकू आली.

"बाबा, फुलांच्या वाटेने येऊ नका," नोएमी घाईघाईने म्हणाली. "तिच्यावरून आलात तर मराल. बसने या."

ठोकाठोकी थांबली. तेवढ्यात तोमासाने फोन हिसकावला. "दोन महिने आवाज नाही तुझा! पोरीने शेवटी मेलेल्यांत नेऊन बसवलं तुला! दर रविवारी फोन केला नाहीस, तर मीच ठेवीन परत तिथे, समजलं?"

मंडळी पांगल्यावर बाई आणि नोएमी डबा उघडून बसल्या. कापलेली नोएमी परत बापाच्या कडेवर चिकटवायची होती. ती सापडायच्या आधी फिदेन्सियो वर आला.

"हे कुणाचे बाबा?"

"कुणाचे नाहीत. माझा नवरा आहे."

"मेलाय?" नवा शब्द तिने लगेच वापरला.

"माहीत नाही गं."

"मग फोन करा ना."

"नंबर नाही माझ्याकडे."

नोएमीने फोटो उलटसुलट करून पाहिला. मग तो पुन्हा तुकड्यांमध्ये ठेवला. "राहू द्या इथेच," ती म्हणाली. "चुकून तिकडे ठेवाल."

बाईंनी झाकण घट्ट दाबून बसवलं.

दोन तारखेला क्रेसेन्सिया पाव घेऊन आली. वेदीवर सासू-सासरे होते, बाईंचे आई-वडील होते, कोंबडी होती, आणि कडेला ती जास्तीची मेणबत्ती जळत होती. फिदेन्सियो नव्हता.

"वहिनी, यंदा ठेवणार होतीस ना त्याला?"

"होते," बाई म्हणाल्या आणि तिच्या हातातला पाव घेऊन वेदीवर ठेवू लागल्या. "पण नालायकच असू दे तुझा भाऊ."