पाटी फोटोत येऊ देऊ नका

प्रेमराज भाऊजी आमच्या ह्यांचे चुलतभाऊ. मूळ एरंडोलकडचे, जळगावात पाइपांचं दुकान. हा माणूस कोपऱ्यावर भाजी आणायला निघाला तरी चार जणांना सांगून निघणार. त्यामुळे आम्ही दोन जोडपी जहाजाने भूमध्य समुद्राच्या सहलीला निघालो, तेव्हा आमच्या आधी चौकात फ्लेक्स लागला. मध्ये गॉगल लावलेले भाऊजी, मागे रोमचं पडकं कोलोसियम, बाजूला व्हेनिसच्या होड्या, खाली शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने. त्यांच्या बायकोला, हेमांगीला, त्यात कुठे जागा मिळाली नव्हती.

सहलीचा कार्यक्रम त्यांनी उघडूनही पाहिला नव्हता. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हे लहान जहाज फारसं कोणी न ऐकलेल्या बंदरगावांना जातं. कोतोर, शिबेनिक, त्रापानी. मी दाखवायला गेले तर म्हणाले, "वहिनी, मुंबईची गाडी म्हटल्यावर नाशिक लागणारच ना? तसं भूमध्य समुद्र म्हटल्यावर रोम लागणारच."

रोम काही लागलं नाही. जहाजावरच्या बाईने नकाशा समोर धरून समजावलं, तेव्हा भाऊजींचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आल्यावर समाजाच्या हॉलमध्ये त्यांचा सत्कार ठरलेला, शाल-नारळासकट. "आता चौकात कोणत्या तोंडाने जाऊ?" एवढंच ते दोन जेवणं बोलत राहिले. जेवण मात्र दोन्ही वेळा व्यवस्थित झालं.

मग त्यांनीच तोड काढली. कोतोरला, डोंगरांच्या कुशीतल्या त्या गावात, दगडी वेशीपुढे उभे राहिले आणि माझ्या हातात मोबाइल दिला. "जुनं दिसतंय ना? झालं तर मग. गावाच्या नावाची पाटी फोटोत येऊ देऊ नका." वेशीच्या आत गल्ल्यागल्ल्यांत मांजरं पसरली होती, खिडक्यांत कपडे वाळत होते. हेमांगी एका ओट्यावर बसून मांजराला बिस्किट भरवत होती. भाऊजी वेशीतून परत फिरले. आत रोम नव्हतं, मग जाऊन करायचं काय?

शिबेनिकला कालव्याएवढ्या पाण्यात एक होडी दिसली, तिचं व्हेनिस झालं. तिथल्या चर्चच्या भिंतीवर बाहेरून दगडी मुंडकी कोरलेली आहेत. देवांची नाहीत, गावातल्याच साध्या माणसांची. कोणी वैतागलेलं, कोणी झोपाळू. हेमांगी एकेका चेहऱ्यापाशी थांबत होती. एका जाडगेल्या मुंडक्याकडे बोट करून मला म्हणाली, "ताई, हा अगदी उधारीवाल्याला बघितल्यावर आमचे हे दिसतात तसा." मी हसले. भाऊजी लांबून ओरडले, "चला आता, बिनकामाचे दगड काय बघता?"

त्रापानीला तर ते उतरलेच नाहीत. समोर नुसती मिठागरं, त्याचं काय करणार? हेमांगीने विचारलं, "मी जाऊ?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण जिथे नवरा गाडी थांबवेल तेवढंच जग तिने पाहिलेलं. ते म्हणाले, "कोणाला सांगणार आहेस, मीठ पाहून आले म्हणून?" ती जिना उतरली. मी तिच्या मागोमाग गेले. मिठाचे ढीग कौलांनी शाकारलेले, पवनचक्क्या, गुलाबी पाणी. तिने मिठाचा खडा जिभेवर ठेवला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली.

सत्कार थाटात झाला. भाऊजींनी रोम असं रंगवलं की मलाच वाटलं, मी तेव्हा झोपले होते की काय. त्यांच्या आत्या, तानुबाई अक्का, पुढच्या खुर्चीत होत्या. त्यांनी मध्येच हेमांगीला विचारलं, "तू काय देखं वं?"

"मीठ देखं, आत्याबाई," हेमांगी म्हणाली. हॉल हसला. भाऊजी सगळ्यांत मोठ्याने हसले. हसण्यात ते नेहमी पुढे असतात, दुसऱ्यावर हसायचं असलं की.

पण ती थांबली नाही. खाणाखुणांनी विचारत मिठागरं कशी गाठली ते, कौलं घातलेले ढीग, दगडातली माणसं, मांजरं, सगळं सावकाश सांगितलं. बाया खुर्च्या ओढून तिच्याकडे वळल्या. अक्का म्हणाल्या, "हाई खरं दिसस."

भाऊजींना ते लागलं असावं. त्यांनी माइक ओढून जाहीर केलं की रोमची गल्ली न् गल्ली आपल्याला पाठ आहे, कोणाला यायचं असेल तर आपण नेऊ. टाळ्या पडल्या. समाजाच्या अध्यक्षांनी तिथल्या तिथे दिवाळीनंतर रोमची सहल ठरवली, प्रेमराजभाऊंच्या मार्गदर्शनाखाली. नावं द्यायला रांग लागली.

घरी येताना आम्ही एकाच रिक्षात बसलो. घर जवळ आल्यावर भाऊजी हळूच म्हणाले, "हेमांगी, तूही चल. तिथे कसं विचारत-विचारत जायचं ते तुला बरं जमतं."

"मी नाही येत," ती म्हणाली. "मी न पाहिलेल्या गावाची वाट दाखवत नाही."