मास्तरांचा घास

अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा मास्तरांची उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. वाचा-उपचार करणारी बाई म्हणाली, "यांच्या ओळखीचे शब्द वदवून घ्या. रोज." सुनेनं मान डोलावली. मास्तर मात्र धास्तावले, कारण सून त्यांचीच विद्यार्थिनी होती.

जन्मभर त्यांनी फारसी शिकवली. फारसीत 'हा' जोडला की अनेकवचन होतं. बाग, बागहा. पण अरबी शब्द आले ते अनेकवचनाची आपली 'आत' ही शेपटी बरोबर घेऊन, आणि फारसी लोकांनी ती घरच्या शब्दांनाही चिकटवली. बागात. पुस्तकांतही सापडतं. मास्तरांना मात्र ते खपत नसे. "घरची शेपटी धडधाकट असताना शेजाऱ्याची उसनी कशाला?" ही पोर एकदा 'बागात' म्हणाली, तर वर्षभर तिला 'उसनी शेपटी' अशीच हाक. वर्ग फिदीफिदी हसायचा. तिनं फारसी सोडली. पुढे ती त्यांच्याच मुलाची बायको होऊन आली, तरी हाक बदलली नाही. पाहुण्यांदेखतसुद्धा.

आता दुपारी ती सुपाचा चमचा त्यांच्या ओठांपासून वीतभर लांब धरायची. नवरा घरात असला की "बाबा", नसला की "सर".

"सर, बाग. अनेकवचन?"

"बा... बागात."

"शी. कुणाची शेपटी लावलीत?" चमचा परत वाटीत. "बागहा म्हणा."

मास्तरांना ठाऊक होतं, पण 'ह'ला लागणारा श्वासच फुटेना. सुपावर तवंग गोठायचा. दोन-चार चमचे देऊन ती वाटी उचलायची. "नापासांना एवढंच."

रात्री मुलगा भरवी, तेवढंच काय ते पोट भरे. सुट्टीच्या दिवशी तो जवळ येऊन बसला, तेव्हा मास्तरांनी ठरवलं, आज सांगायचंच. उपाशी ठेवते म्हणावं. सगळा जीव जिभेवर आणला.

"बागात," ते म्हणाले. "बागात. बागात."

मुलाचे डोळे भरून आले. "ऐकलंस? बाबा बोलायला लागले गं."

"बाबांना जमेल हळूहळू," सून म्हणाली.

"तुझ्या हाताला यश आहे बघ. माझ्याकडून नुसतं गिळतात, बोलत नाहीत. आजपासून रात्रीही तूच भरव."

मास्तरांनी डाव्या हातानं मुलाची बाही घट्ट पकडली. मुलानं एकेक बोट हळुवार सोडवलं आणि हात पांघरुणाखाली सारला.