चंद्रीची चाटण वीट

माझ्या सासुरवाडीच्या गायीला दोनदा जंताचं औषध पाजलं गेलं, ते माझ्यामुळे. सासुरवाडीला हे माहीत आहे. माझ्या स्वतःच्या घरी पंचवीस वर्षं मी तोंड उघडलेलं नाही. आज सांगून टाकतो.

तेव्हा मी शिक्रापूरला कंपनीत होतो, खोलीवर राहायचो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि मला कावीळ झाली. तळेगाव ढमढेऱ्यात एक बाई झाडपाल्याचं औषध द्यायची, म्हणून नंदानं (म्हणजे बायकोनं) मला थेट तिथल्याच आपल्या माहेरी नेऊन टाकलं. पथ्य एकवीस दिवसांचं, मीठ बंद! अळणी भात, अळणी मुगाचं पाणी आणि उसाचा रस. रस, रस आणि वर पुन्हा रस! चौथ्या दिवशी माझ्या पोटानं डोक्याकडे निरोप धाडला, 'मीठ!' डोकं म्हणालं, 'नाही.' पोट म्हणालं, 'मग तुला दुसरं काही सुचू देत नाही.' आणि खरंच सुचेना! मिठाची बरणी सासूबाईंनी कुलपात घातली होती. ("पाव्हणं, तुमच्यावर इस्वास हाय, पण कुलूप असूंद्या!")

सातव्या दिवशी गोठ्यात चंद्री गाय दोरीला टांगलेली वीट चाटताना दिसली. जनावरांना क्षार मिळावेत म्हणून टांगतात ती. खारट! मी इकडंतिकडं पाहिलं, वीट धुतली (तेवढी लाज शिल्लक होती) आणि जीभ लावली. अहाहा!

महिनाभर पुरायची वीट सहा दिवसांत पेरूएवढी झाली. मामा, म्हणजे सासरे, हादरले. गुरांचे डॉक्टर आले.

"पोटाला जे कमी पडतं, ते पोट डोक्याला कळवतं," डॉक्टर म्हणाले. "मग जीभ आपोआप तिकडं जाती. जंत असणार हिला."

मी गंभीरपणे मान हलवली. निदान बरोबर होतं, रोगी चुकला होता! चंद्रीला औषध पाजलं. नवी वीट आली. तीही झिजली. पुन्हा औषध! त्या दणक्यानं तिचं दूध आटलं.

"लागीर झालंया हिला," मामा म्हणाले. "इकून टाकू."

चंद्री नंदाची लाडकी. वासरू असताना तिनंच बाटलीनं दूध पाजून जगवलेली. व्यापारी आला तशी नंदा गायीच्या गळ्यात पडून रडायला लागली. चंद्री माझ्याकडे बघत होती. (फक्त माझ्याकडे!) व्यापाऱ्यानं दावं हातात घेतलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मामा, थांबा. वीट मी चाटतोय."

"आगं बया!" सासूबाई मटकन खाली बसल्या.

"पाव्हणं, बायकू रडती म्हणून खोटं नगा बोलू," मामा म्हणाले.

"खरंच मीच..."

"मंग चाटून दावा!"

मी वाकलो. जिभेला आपली नेहमीची खाच न बघता सापडली, डोळे आपोआप मिटले. मग मामांनी व्यापाऱ्याच्या हातातलं दावं काढून घेतलं. "गाय न्हाई इकायची."

"ऱ्हाऊ द्या की गाय," व्यापारी म्हणाला, "पाव्हण्यांचं काय घेता?"

नंदासकट सगळे पोट धरून हसले. मी तेवढा हसलो नाही. मला अजून वीट सोडवत नव्हती.