यात मी मरते का?

किन्हवलीहून भावाचा फोन आला, "चांगुणाआत्या गेली." मी म्हटलं, "कुठल्या पिक्चरात?" पलीकडून हळू आवाज आला, "पिक्चरात नाय गो. घरात. जेवून भिंतीला टेकली, ती टेकलीच."

मी पोचले तेव्हा अंगणात त्याच बायका बसल्या होत्या. त्याच म्हणजे आत्याच्या पहिल्या सिनेमात, याच अंगणात, तिच्या खोट्या मढ्याभोवती रोजंदारीवर रडायला बसवलेल्या. त्या रडल्या, आणि एका क्षणी सगळ्याजणी एकदम थांबल्या. माना वळवून अंगणाच्या कोपऱ्याकडं बघायला लागल्या. शूटिंगच्या वेळी कॅमेरा तिथं होता. एकीच्या तोंडून निघून गेलं, "आता उठंल." तिला कोणी गप्प केलं नाही. मीही नाही… मीसुद्धा वाट बघत होते.

आत्या म्हणजे माझ्या बापाची थोरली बहीण आणि आमच्या पट्ट्यातली धवलारीण. हळद लागल्यापासून वरात निघेपर्यंत लग्नाचे धवळे गाणारी बाई. ती आल्याशिवाय कुठल्या मांडवात हळद कालवत नसत. कुणीतरी तिचं गाणं मोबाइलवरून पसरवलं, सिनेमावाले एका गाण्यासाठी आले आणि तिचा चेहरा बघून त्यांनी तिलाच नायकाची आई केलं. सिनेमा तुफान चालला. पेपरात फोटो, शहापूरच्या नाक्यावर बॅनर. शेवटी ती आई मरते. तिरडी खऱ्या बांबूची, बांधणारा गावातला नेहमीचाच माणूस, तोंडात पाणी, कपाळाला कुंकू, सगळं रीतसर. दिग्दर्शकाला म्हणे खरं हवं होतं! तो तुकडा मोबाइलवर फिरला आणि सिनेमाचं काहीच माहीत नसलेले लांबचे पाहुणे दुखवट्याला दारात आले. आत्यानंच त्यांना पाणी दिलं. तांब्या घेताना त्यांच्यातल्या म्हातारीनं तिचा हात धरून पाहिला आणि म्हणाली, "थंड हाय."

त्या हंगामात आत्याला एकाही हळदीचं बोलावणं आलं नाही. ज्यांनी शिट्ट्या मारत सिनेमा पाहिला त्यांनीच ठरवलं, एकदा तिरडीवर निजलेल्या बाईच्या तोंडून धवळा कसा घ्यायचा, पोरीच्या संसाराला लागंल. तोंडावर कोणी बोलत नव्हतं. मी सरळ लिहिते, हा भेकडपणा होता. जिवंत बाईला मेलेली ठरवायचं आणि वर तिच्याबरोबर सेल्फी काढायचा! वाड्यावाड्यांत नळाचं पाणी यावं म्हणून पत्रकं लिहिण्यात माझी वर्षं गेली, म्हणून मी म्हटलं, "आत्या, यावर पत्रक काढते. जाब विचारते गावाला." ती तांदूळ निवडत होती. "पत्रक वाचून कोन हळदीला बोलावतं गो?"

तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. बक्षीस नको, बॅनर नको. परत मांडवात बसायचं होतं. तिचं म्हणणं साधं होतं. लोकांनी पडद्यावर मरताना पाहिलंय, तर पडद्यावरच जिवंत पाहू देत. पुढच्या भूमिकांच्या गोष्टी येऊ लागल्या. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवायची. ती एकच विचारायची, "यात मी मरते का?" पहिली गोष्ट घाटातल्या हडळीची. मरते. दुसरी जवानाच्या आईची. मरते. तिसरी वाचताना माझाच आवाज चढला. धरणाशेजारी राहून तहानलेल्या गावांची गोष्ट, आणि मोर्चाची पुढारी आत्या! आमचं सगळं दुखणं पडद्यावर येणार होतं.

"आनी शेवटाला?"

"शेवटी गोळी लागते. पण हजार माणसं तुझ्यामागं चालतात, आत्या!"

"चालतात ते तिरडीमागंच ना?"

मी चिडले. अंधश्रद्धा म्हणाले, स्वार्थ म्हणाले. आजही ती भूमिका तिनं करायला हवी होती असंच माझं मत आहे. ती शांतपणे म्हणाली, "तुमच्या मोर्च्यात मी खरी येते. पण सारखी सारखी मना मारू नका रे." आणि तिनं चौथी गोष्ट घेतली. लग्नात गाणाऱ्या बाईची, दोन ओळींची. आधीच्या सिनेमातल्या एकानं फोन करून समजावलं, एवढ्या यशानंतर इतका छोटा रोल घेतलात तर करिअर संपेल. आत्या म्हणाली, "करिअर संपू दे. मी नाय संपत."

शूटिंग मुरबाडकडं, सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका वाडीत होतं. मी सोबत गेले. दोन ओळी झाल्या, दिग्दर्शक ओरडला "कट", आत्या गातच राहिली. तो पुन्हा ओरडला. तिनं त्याला हाताच्या खुणेनंच खाली बसवलं. कॅमेरा बंद, दिवे बंद, आणि गर्दी म्हणून बसवलेल्या वाडीतल्या बायका एकेक करून तिच्या मागं गाऊ लागल्या. संपल्यावर ती म्हणाली, "धवळा अर्धा तोडत नाय बाबा. कोनाचं लग्न मोडायचंय काय?" त्या बायकांतली एक पुढं आली. तिच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. "आमच्या हळदीला याल का?"

आत्यानं तिला विचारलं, "तुमी माजा तो पिक्चर पायला नाय का?"

"पायला ना."

"मंग?"

"मंग काय? मेलेली बाय कॅमेऱ्यावाल्याशी एवढी भांडते काय?"

गाडीत बसल्यावर आत्या इतकी हसली की डोळे पुसावे लागले…

त्या हळदीच्या आधीच ती गेली. ती येणार नाही हे सांगायला मीच त्या वाडीत गेले. मांडव पडला होता, बायका गोल बसल्या होत्या, आणि मुहूर्तमेढीजवळचा एक पाट रिकामा होता. मी सांगितलं. पोरीची आई म्हणाली, "म्हाइत हाय," आणि हळद कालवत राहिली. एक लहान मुलगी त्या पाटावर बसायला गेली तर तिला म्हणाली, "तिथं नको गो. धवलारीन बसलीय." मी पुरावा मागणारी बाई. त्या पाटावर कोणी नव्हतं, हे मी लिहून देते.

धवळ्याची पहिली ओळ धवलारणीनं एकटीनं म्हणायची असते आणि दुसरी बाकीच्यांनी उचलायची. हळदीचं ताट पुढं आलं. सगळ्या गप्प झाल्या. कोणी खोकलं नाही, बांगडी वाजली नाही. एक ओळ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या त्या थांबल्या… आणि मग सगळ्यांनी मिळून दुसरी ओळ उचलली, आत्याच्या पट्टीत.

माझ्याही तोंडून.